दोघेच उरले: जुन्या पॅक-१२ चा शेवटचा हंगाम

पुलमन हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाचं गाव. चहूकडे गव्हाच्या टेकड्या, वस्ती तीस-पस्तीस हजारांची, आणि त्यातही विद्यार्थीच जास्त. २३ सप्टेंबर २०२३ ला तिथे कॉलेज फुटबॉलचा एक सामना झाला. यजमान वॉशिंग्टन स्टेट, पाहुणे ओरेगन स्टेट. दोन्ही संघ तोवर एकही सामना हरले नव्हते आणि दोघांचीही नावं देशातल्या पहिल्या २५ संघांच्या यादीत होती. सामना अटीतटीचा झाला. वॉशिंग्टन स्टेटने तो ३८-३५ असा जिंकला.

हे दोघे ज्या कॉन्फरन्समध्ये खेळत होते तिचं नाव पॅक-१२. नावाप्रमाणे बारा विद्यापीठं. त्यांतल्या दहांनी त्या दिवसापर्यंत जाहीर करून टाकलं होतं की हा हंगाम संपला की आम्ही दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार. मागे राहणार होते ते नेमके हे दोघे.

आणि हंगाम कसा होता? पॅक-१२ चा कित्येक वर्षांतला सर्वांत चांगला. त्याच सप्टेंबरात बारापैकी आठ संघ पहिल्या २५ त होते, आणि या कॉन्फरन्सच्या इतिहासात तसं आधी कधी झालं नव्हतं. पुढे त्यांतला एक संघ देशाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. इतकं चांगलं खेळणारी कॉन्फरन्स मोडली कशी, हे कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. ते सोडवायचं तर खेळ थोडा आणि टीव्हीचे करार बरेच समजून घ्यावे लागतात. यूएससी, यूसीएलए, बर्कली, स्टॅनफर्ड, ॲरिझोना स्टेट ही नावं एमएसला जाणाऱ्या मुलांच्या घरात तर पाठच असतात. ही गोष्ट त्याच विद्यापीठांची आहे.

कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय

आधी एक खुलासा. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिथे सॉकर म्हणतात.

विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर २०२३ मध्ये १३३ संघ होते. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरअखेर प्रत्येक संघ बारा सामने खेळतो, साधारण आठवड्याला एक. १३३ संघ आणि बारा सामने, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून शेजारपाजारची विद्यापीठं गट करतात, बहुतेक सामने आपापसांत खेळतात आणि आपला विजेता ठरवतात. हा गट म्हणजे कॉन्फरन्स.

पण वेळापत्रक आखणं हे तिचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं समजायला आपला सहकारी दूध संघ डोळ्यांपुढे आणा. गावोगावचे सभासद दूध घालतात, संघ ते एकत्र करून विकतो, भावही संघच ठरवून घेतो आणि आलेला पैसा सभासदांत वाटतो. एकट्या शेतकऱ्याला मिळाला नसता असा भाव संघाला मिळतो. कॉन्फरन्सचं तसंच आहे. विद्यापीठं हे सभासद, सामने दाखवण्याचे हक्क हे दूध, आणि टीव्ही वाहिन्या हे गिऱ्हाईक. फरक एक. दूध संघात ज्याने जितकं घातलं तितके त्याचे पैसे. पॅक-१२ मध्ये वाटा सगळ्यांना सारखा. लॉस एंजेलिससारख्या महानगरातल्या यूएससीला जेवढा, तेवढाच पुलमनला. मला ही वाटणी आवडते. पण ज्याच्या गोठ्यात जास्त दुभती जनावरं, त्याच्या मनात काय येत असेल हेही समजण्यासारखं आहे.

सभासदांना बांधून ठेवणारी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे हक्क लिहून देणं. अमुक तारखेपर्यंत आमच्या मैदानावरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क कॉन्फरन्सचे, असं प्रत्येक विद्यापीठ लिहून देतं. त्या मुदतीत कोणी निघून गेलं तरी हक्क मागेच राहतात, त्यामुळे जाण्यात काही अर्थ नसतो. पॅक-१२ मधली ही मुदत २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होती. ही तारीख लक्षात ठेवा.

शंभर वर्षांचा संसार

२ डिसेंबर १९१५ ला ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरातल्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स काढली. कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली. वॉशिंग्टन, म्हणजे सिअ‍ॅटलमधलं, पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेटहून वेगळं. ओरेगन. आणि आज ज्याला ओरेगन स्टेट म्हणतात ते तेव्हाचं शेतकी महाविद्यालय. मागोमाग वॉशिंग्टन स्टेट, स्टॅनफर्ड, यूएससी आणि यूसीएलए आले. १९५९ मध्ये खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याच्या प्रकरणांवरून ती कॉन्फरन्स मोडली आणि बहुतेक त्याच मंडळींनी नव्या नावाने पुन्हा उभी केली. १९७८ मध्ये ॲरिझोनातली दोन विद्यापीठं आली आणि ती पॅक-१० झाली. २०११ मध्ये कोलोरॅडो आणि युटा आले आणि पॅक-१२.

या सगळ्याला वेगळं वळण देणारी तारीख मात्र १९८४ ची, आणि ती मैदानावरची नाही. तोवर कोणता सामना टीव्हीवर दिसणार हे कॉलेज खेळांची देशव्यापी संस्था एनसीएए ठरवायची. सामने मोजकेच दाखवायचे, म्हणजे लोक स्टेडियममध्ये येत राहतील, असा तिचा हिशेब. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्यावर दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही मक्तेदारी बेकायदा आहे. त्या दिवसापासून विद्यापीठं आणि त्यांच्या कॉन्फरन्सेस आपापले हक्क विकायला मोकळ्या झाल्या. शेजाऱ्यांनी एकमेकांशी खेळायला काढलेल्या गटांचे तिथून विक्री संघ झाले.

पॅक-१२ ला या विक्रीत सुरुवातीला मोठं यश मिळालं. २०११ मध्ये ईएसपीएन आणि फॉक्स या वाहिन्यांशी बारा वर्षांचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार झाला. त्या घडीला कॉलेज खेळांतला तो सर्वांत मोठा होता. पण बारा वर्षं हा फार लांबचा पल्ला. भाव चढत गेले, बाकीच्यांनी नवे करार केले, आणि पॅक-१२ जुन्याच भावात अडकून राहिली. २०१२ मध्ये तिने स्वतःची वाहिनी काढली, आणि ती पूर्णपणे स्वतःच्या मालकीची ठेवली. बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सने आपल्या वाहिनीत फॉक्सला भागीदार केलं होतं, दक्षिणेतल्या एसईसी कॉन्फरन्सने पुढे ईएसपीएनचा हात धरला. बड्या भागीदाराच्या जोरावर त्यांच्या वाहिन्या घरोघर पोचल्या. पॅक-१२ ची वाहिनी डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेवर कधीच आली नाही. कित्येक चाहत्यांना आपल्याच संघाचा सामना घरी दिसत नव्हता.

त्यात भूगोलाची अडचण. पश्चिम किनारा पूर्वेपेक्षा तीन तास मागे. सिअ‍ॅटलमध्ये संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कमध्ये रात्री साडेदहाला सुरू होतो आणि मध्यरात्र उलटल्यावर संपतो. रात्रीच्या त्या सामन्यांचा एक वेडा चाहतावर्ग होता, पण क्रमवारीसाठी मत देणारे पत्रकार आणि जाहिरातदार तेव्हा झोपलेले असत. शिवाय २०१४ पासून राष्ट्रीय विजेता ठरवायला चार संघांची बाद फेरी सुरू झाली, आणि २०१७ ते २०२२ या सहा हंगामांत तिच्यात पॅक-१२ चा एकही संघ पोचला नाही. माल चांगला असला तरी गिऱ्हाइकाच्या नजरेतून उतरत गेला.

उन्हाळ्यातले दिवस

२०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा या बलाढ्य विद्यापीठांनी बिग १२ ही कॉन्फरन्स सोडून एसईसीत जायचं ठरवलं. बिग १२ आता बुडते असं सगळे म्हणत होते. तिथली उरलेली विद्यापीठं घ्यायची का, असा प्रश्न पॅक-१२ पुढे होता. तिने ऑगस्टमध्ये जाहीर केलं की आम्हाला वाढ करायची नाही. दोन वर्षांनी त्याच बिग १२ ने पॅक-१२ चे चार सभासद उचलले. या सगळ्या कहाणीतली सर्वांत महाग पडलेली चूक मला हीच वाटते.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलएने जाहीर केलं की २०२४ पासून आम्ही बिग टेनमध्ये. बिग टेन ही मूळची मध्यपश्चिमेतली, ओहायो-मिशिगनकडची कॉन्फरन्स. लॉस एंजेलिस हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं टीव्ही शहर पॅक-१२ च्या हातून गेलं. पुढच्या दोन महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला.

उरलेल्या दहांसाठी पॅक-१२ चे आयुक्त जॉर्ज क्लियाव्हकॉफ नवं गिऱ्हाईक शोधत राहिले. ईएसपीएनने एका विद्यापीठामागे वर्षाला तीन कोटी डॉलरच्या आसपास देऊ केल्याच्या आणि कॉन्फरन्सने पाच कोटी मागितल्याच्या बातम्या नंतर आल्या. बोलणी फिसकटली. ऑक्टोबर २०२२ मध्ये बिग १२ ने मात्र मिळाला तो भाव घेऊन ईएसपीएन आणि फॉक्सशी करार वाढवून टाकला. आता वाहिन्यांच्या खिशात पैसे कमी आणि पॅक-१२ रांगेत शेवटची.

२०२३ च्या जुलैअखेर कोलोरॅडोने बिग १२ ची वाट धरली. १ ऑगस्टला क्लियाव्हकॉफ यांनी सभासदांपुढे ॲपलचा प्रस्ताव ठेवला. सामने ॲपलच्या इंटरनेट सेवेवर दिसणार, खात्रीची रक्कम बेताची, आणि वर्गणीदार वाढले तर पैसे वाढणार. कुलगुरूंना हा जुगार वाटला. ४ ऑगस्टच्या सकाळी हक्क लिहून द्यायला सगळे बसणार होते, तेवढ्यात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले. त्याच दिवशी ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स गाठली. पॅसिफिकच्या काठावरची ही विद्यापीठं अटलांटिकचं नाव लावणाऱ्या कॉन्फरन्समध्ये गेली, आणि तीही बराच कमी वाटा मान्य करून, कारण दुसरी जागा उरली नव्हती.

हंगामाचा पहिला सामना २६ ऑगस्टला होऊन गेला होता. म्हणजे घर मोडण्याचे शेवटचे सोपस्कार चालू असतानाच खेळ सुरू झाला.

चौथा डाऊन

आता मैदान. या हंगामाची चव कळायला एकच नियम पुरे. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. यार्ड मीटरहून किंचित लहान. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार प्रयत्न. असं करत समोरच्या टोकाच्या पट्टीत चेंडू नेला की टचडाऊन, सहा गुण. प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. तीन डाऊनमध्ये दहा यार्ड झाले नाहीत की चौथ्याला प्रशिक्षकाची कसोटी. चेंडू लाथेने लांब पाठवून द्यायचा, जवळ असाल तर खांबांमधून मारून फील्ड गोलचे तीन गुण घ्यायचे, की धोका पत्करून आणखी एकदा पुढे जायचा प्रयत्न करायचा? हा प्रयत्न फसला तर चेंडू तिथेच प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

१४ ऑक्टोबरला सिअ‍ॅटलमध्ये, सरोवराच्या काठावरच्या हस्की स्टेडियममध्ये, वॉशिंग्टन आणि ओरेगन भिडले. दोघेही अपराजित, दोघेही पहिल्या दहांत. ओरेगनचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी तीन वेळा चौथ्या डाऊनला धोका पत्करला आणि तिन्ही वेळा फसले. त्यांतल्या दोन वेळा तर ते टचडाऊनच्या पट्टीपासून दहा यार्डांच्या आत होते, तीन गुण समोर दिसत होते. तिसरी वेळ सामन्याच्या शेवटच्या दोन-सव्वादोन मिनिटांतली. ओरेगन ३३-२९ ने पुढे, चेंडू जवळजवळ मैदानाच्या मध्यावर, हवे होते फक्त तीन यार्ड. मिळाले नाहीत. वॉशिंग्टनच्या मायकेल पेनिक्स या डावखुऱ्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, पुढच्या दोनच प्रयत्नांत चेंडू टचडाऊनपर्यंत नेला. शेवटच्या क्षणी ओरेगनचा बरोबरी साधणारा फील्ड गोल हुकला. वॉशिंग्टन ३६, ओरेगन ३३. फरक तीन गुणांचा, म्हणजे आधी सोडून दिलेल्या एका फील्ड गोलइतका. लॅनिंग यांना त्यावरून खूप बोलणी खावी लागली. मला तरी ते तितकंसं पटत नाही. तीन यार्ड मिळाले असते तर सामना तिथेच संपला असता, आणि पेनिक्सच्या हातात चेंडू द्यायचा नाही हा विचार चुकीचा नव्हता.

पेनिक्सबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. तो आधी इंडियाना विद्यापीठाकडून खेळायचा. तिथे चार वर्षांत चारही हंगाम दुखापतीमुळे अर्ध्यावर सुटले. गुडघा, खांदा, पुन्हा गुडघा, पुन्हा खांदा. २०२२ मध्ये तो सिअ‍ॅटलला आला, कारण तिथले नवे प्रशिक्षक केलेन डीबोअर इंडियानात त्याचे गुरू होते. ज्याच्याकडून कोणी फार अपेक्षा ठेवली नव्हती तो मुलगा २०२३ अखेर देशातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाइसमन पुरस्काराच्या मतदानात दुसरा आला. तिसरा आला ओरेगनचा क्वार्टरबॅक बो निक्स. आदल्या वर्षी हा पुरस्कार मिळालेला केलेब विल्यम्स यूएससीत होता. तिघेही एकाच कॉन्फरन्सचे.

सगळ्यांनाच असं यश आलं नाही. यूएससीचं आक्रमण झकास आणि बचाव गळका. वॉशिंग्टनविरुद्ध ४२ गुण करूनही ते ५२ देऊन हरले आणि हंगाम ८ विजय, ५ पराभवांवर संपला. ॲरिझोनाने मात्र सगळ्यांना चकित केलं. २०२१ मध्ये बारापैकी एकच सामना जिंकलेला हा संघ या वेळी दहा जिंकून गेला.

कोलोरॅडोची गोष्ट निराळीच. २०२२ मध्ये तेही बारापैकी एकच सामना जिंकले होते. मग प्रशिक्षक म्हणून डियॉन सँडर्स आले. स्वतः व्यावसायिक फुटबॉलमधले नामांकित खेळाडू, बोलण्यात ठसका, आणि आल्याआल्या जवळजवळ अख्खा संघ बदलला. पहिल्याच सामन्यात आदल्या वर्षीचा उपविजेता टीसीयू, तोही त्यांच्या मैदानावर. कोलोरॅडोने ४५-४२ असा हरवला. सँडर्स यांचा मुलगा शेड्यूर याने ५१० यार्डांचे पास फेकले. ट्रॅव्हिस हंटर आक्रमणातही खेळला आणि बचावातही, आजच्या काळात कोणी करत नाही असं. पहिले तिन्ही सामने जिंकले आणि देशभर दुसरा विषय नव्हता. मग ओरेगनने ४२-६ असं जमिनीवर आणलं. ऑक्टोबरात स्टॅनफर्डविरुद्ध मध्यंतराला २९-० असे पुढे असून जादा वेळेत हरले. हंगाम ४-८ वर संपला. पण टीव्हीवर त्यांचे सामने लोकांनी तुफान पाहिले, अगदी हरत असतानाही. वाहिन्यांना हवं होतं ते पॅक-१२ कडे होतं, फक्त विकायची वेळ निघून गेली होती.

वॉशिंग्टन जिंकत राहिलं, पण दर वेळी जीव टांगणीला लावून. ओरेगन स्टेटच्या गावी, कॉर्व्हालिसमध्ये, त्यांच्यावर २२-२०. मग २५ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर वॉशिंग्टन स्टेटशी ॲपल कप (हे ॲपल म्हणजे सफरचंद, कंपनी नव्हे). या दोन विद्यापीठांतली ही चढाओढ कॉन्फरन्सपेक्षाही जुनी. पाहुण्यांचा हंगाम पार घसरला होता. चार विजयांनी सुरुवात आणि मग सलग सहा पराभव. पण त्या दिवशी त्यांनी यजमानांना २१-२१ वर अडवून धरलं. शेवटचं दीडेक मिनिट, वॉशिंग्टन स्वतःच्याच २९ यार्डांच्या रेषेवर, आणि चौथा डाऊन. फसलं असतं तर हंगाम तिथेच गेला असता. डीबोअर यांनी लाथ मारली नाही. चेंडू रोम ओडुन्झेच्या हातात दिला आणि तो २३ यार्ड पळाला. अगदी शेवटच्या क्षणी ग्रेडी ग्रॉसने ४२ यार्डांवरून फील्ड गोल मारला, २४-२१. ग्रॉस तोवर शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने खेळत होता. सामन्यानंतर खोलीत सगळ्यांसमोर त्याला शिष्यवृत्ती जाहीर झाली आणि पोरांनी त्याला उचलून धरलं.

१ डिसेंबरला लास व्हेगासमध्ये कॉन्फरन्सचा अंतिम सामना झाला, पुन्हा वॉशिंग्टन आणि ओरेगन. अपराजित वॉशिंग्टन असूनही सट्टेबाजांचा कौल ओरेगनकडे. वॉशिंग्टन ३४-३१ ने जिंकलं, पुन्हा तीनच गुणांनी. १९१५ च्या हॉटेलातल्या त्या चारांपैकी दोघे एकमेकांविरुद्ध शेवटचा निकाल लावत होते, आणि दोघांचंही सामान बांधलेलं होतं.

१ जानेवारी २०२४ ला न्यू ऑर्लिन्समध्ये उपांत्य सामना झाला. पेनिक्सने ४३० यार्डांचे पास फेकले, टेक्सास ३७-३१ असा हरला. आठवड्याने ह्यूस्टनला अंतिम सामन्यात मिशिगनने वॉशिंग्टनला ३४-१३ असं दाबून टाकलं. चौदा विजयांनंतरचा तो पहिला पराभव, आणि पॅक-१२ चा विजेता हरला तो बिग टेनच्या विजेत्याकडून, म्हणजे काही महिन्यांनी ज्या घरात जायचं त्याच घराच्या कारभाऱ्याकडून.

मागे राहिलेले दोघे

ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटच मागे का राहिले? ते वाईट खेळत होते म्हणून नाही. दोघंही लहान गावांतली विद्यापीठं, आसपास मोठं टीव्ही शहर नाही. ती शेतकी महाविद्यालयं म्हणून वाढली. शिकायला मोठ्या शहरात जाऊ न शकणाऱ्यांसाठी सरकारी जमिनीच्या पैशातून उभारलेली. आपली राहुरी, अकोला, परभणी, दापोलीची कृषी विद्यापीठं ज्या अमेरिकी नमुन्यावरून आली तो हाच नमुना. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक आणि पुढे मेक्सिकोत नावाजलेले कृषिशास्त्रज्ञ, शतकापूर्वी शेतीशास्त्र शिकले ते कॉर्व्हालिस आणि पुलमनच्या याच दोन विद्यापीठांत. मला ही दोन गावं परकी वाटत नाहीत त्याला तेही एक कारण आहे.

हे दोघे रडत बसले नाहीत. ते पुलमनजवळच्या कोलफॅक्स या छोट्या गावातल्या न्यायालयात गेले. कॉन्फरन्सच्या नियमांत होतं की सोडून जाण्याची सूचना देणाऱ्याचं संचालक मंडळातलं मत जातं. यूएससी आणि यूसीएलए यांच्यावर कॉन्फरन्सने हा नियम लावलाही होता. मग दहांनी सूचना दिली असेल तर मंडळ कोणाचं? उरलेल्या दोघांचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने कौल दिला, डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही हात घालायला नकार दिला, आणि त्यानंतर सर्वांनी तडजोड केली. जाणाऱ्यांना पैशाचा काही भाग मागे सोडावा लागला, आणि कॉन्फरन्सचं नाव, तिजोरी आणि भविष्यातली येणी या दोघांच्या ताब्यात आली.

मैदानावर मात्र गळती थांबली नाही. ओरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ त्याच विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक, २००० च्या हंगामात संघाला फिएस्टा बोल हा हंगामाअखेरचा मानाचा सामना जिंकून देणारे. हंगाम संपताच ते मिशिगन स्टेटला गेले. वॉशिंग्टनचे डीबोअर अलाबामाला. कोणाला दोष द्यायचा? पैसा जिकडे, तिकडे सगळेच निघाले होते. त्या पैशातून खेळाडूंना मात्र तेव्हा थेट काहीच मिळत नव्हतं. शिष्यवृत्ती, आणि २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातींतून मिळेल ते. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायची वाट २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर उघडली.

प्रवासाचा बोजाही खेळाडूंच्याच अंगावर. २०२४ मध्ये यूसीएलए न्यूजर्सीतल्या रटगर्सशी खेळायला गेलं, एका बाजूने सुमारे चार हजार किलोमीटर. फुटबॉल आठवड्यातून एकदाच असतो, त्यामुळे निभतं. व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुली आठवड्यात दोन-तीन सामने खेळतात. त्यांना विमानातच अभ्यास करावा लागतो. कॉन्फरन्स बदलण्याचा निर्णय फुटबॉलच्या पैशावर झाला आणि त्याची झळ बसली इतर सगळ्या खेळांना. या प्रकरणातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते.

गेलेल्यांचं काय झालं? ओरेगनने बिग टेनमधल्या पहिल्याच वर्षी ती कॉन्फरन्स जिंकली. वॉशिंग्टनचा पहिला हंगाम ६-७ असा फिका गेला, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सिअ‍ॅटलला आलेल्या मिशिगनला त्यांनी २७-१७ असं हरवून ह्यूस्टनचं थोडं उट्टं काढलं.

मागच्या दोघांसाठी एनसीएएच्या नियमातली एक सवलत कामी आली. कॉन्फरन्स म्हणून मान्यता टिकवायला किमान आठ सभासद लागतात, पण सभासद कमी झाले तर दोन वर्षांची मुदत मिळते. सप्टेंबर २०२४ मध्ये बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट आणि सॅन दिएगो स्टेट यांनी २०२६ पासून येण्याचं मान्य केलं. मागोमाग युटा स्टेट, आणि २०२५ मध्ये टेक्सास स्टेट. बास्केटबॉलसाठी नावाजलेलं गोंझागाही. आयुक्तपदी २०२४ मध्ये टेरेसा गूल्ड आल्या.

मधली दोन वर्षं दोघांनी दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या संघांकडून सामने मागून घेत काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉर्व्हालिसला ते एकमेकांसमोर आले. ओरेगन स्टेट ४१, वॉशिंग्टन स्टेट ३८. पुढच्या वर्षी वेळापत्रकात भरायला संघ पुरेनात, म्हणून एकाच हंगामात ते एकमेकांशी दोनदा खेळले. एकदा कॉर्व्हालिसला, एकदा पुलमनला.